एका फटक्यात बसवलेला बिशप

कुजबुज अशी होती, की कॅथीड्रलच्या दंडवाल्याने स्वतःच्याच आर्चडीकनच्या गुडघ्यात मागून दांडा घातला आणि त्या एका फटक्यात बायकोच्या भावाला बिशप करून टाकलं. मोबदल्यात त्याला काय मिळालं, ह्यावर मात्र लोकांचं एकमत कधी झालं नाही. कुणी म्हणे शहराबाहेर जमीन मिळाली. कुणी म्हणे जन्मभराचं बसून खाणं. कुणी म्हणे, मेहुण्याने बहिणीचं तोंड बंद ठेवायचं वचन दिलं. ही शेवटची बातमी त्याच्या बायकोला ओळखणाऱ्या कुणालाही पटली नाही.

दंडवाला म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. मोठ्या चर्चमध्ये मिरवणूक निघते तेव्हा काळा झगा घातलेला एक माणूस हातात लाकडी दांडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालतो. दांड्याच्या टोकाला चांदीची गोंडस मूठ असते. आजकालच्या पोरीबाळी त्याचे फोटो काढतात आणि म्हणतात, काय छान शोभेची काठी! शोभेची कसली? दांडा वाट काढण्यासाठी असतो, आणि वाट माणसांतून काढायची असते. मूठ चांदीची असली तरी आत शिसं भरलेलं असतं, ते काय उगाच?

आणि हा दंडवाला ज्याच्या पुढे चालायचा तो आर्चडीकन. म्हणजे धर्मप्रांतात बिशपच्या खालोखालचा माणूस. पाळक उपदेश करतो, बिशप आशीर्वाद देतो आणि आर्चडीकन छप्पर बघतो. वर्षातून एकदा प्रत्येक चर्चला जायचं, तुळया तपासायच्या, घंटेचा दोर ओढून पाहायचा, प्रभुभोजनाचा प्याला जागेवर आहे की पाळकाच्या बायकोने त्यात फुलं ठेवलीत ते बघायचं, बाप्तिस्म्याची वही चाळायची, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांकडून शपथ घ्यायची. 'बिशपचा डोळा' म्हणतात ह्या पदाला, फार जुन्या काळापासून. सुरुवातीला हे पद होतं साध्या सेवकाचं, गरिबांना वाटप करणाऱ्यांच्या मुकादमाचं. पण ज्याच्या हातात किल्ल्या येतात त्याच्या आवाजात जरब येते. पुढे आर्चडीकनांचा दरारा असा वाढला, की जुने पंडित आपसात गमतीने वाद घालायचे म्हणे, आर्चडीकनला स्वर्गात जागा मिळू शकते का? उत्तर काय निघालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आमच्या ह्या धर्मप्रांतातला इतिहास लिहायचा तर शाईपेक्षा टिंक्चर जास्त लागेल. पहिला आर्चडीकन घोड्यावर बसून तपासणीला जायचा, हातात चाबूक. एका चर्चमध्ये पाळकाने बाकांमध्ये वासरं बांधलेली सापडली. साहेबांनी आधी पाळकाला झोडलं, मग पंचांना, मग कुणी उरलं नाही म्हणून घोडा धरून उभ्या असलेल्या माणसाला. त्या माणसाने मार खाल्ला पण लगाम सोडला नाही. साहेब खूश झाले आणि त्याला दंडवाला केलं. तो आपल्या दंडवाल्याचा आजा.

दुसऱ्या आर्चडीकनने एका मंडळीची घंटा जप्त केली. रविवारी लोकांनी बाप्तिस्म्याच्या कुंडाचं शिसवी झाकण उचललं आणि साहेबांच्या डोक्यावर हाणलं. आजा मध्ये पडला. साहेबांचं डोकं राहिलं, आज्याचा डावा कान गेला. तिसरा आर्चडीकन अतिशय सौम्य, मुंगीलासुद्धा वाट देणारा. त्यामुळे त्याला लोकांनी थेट विहिरीत ढकलायला घेतलं. दंडवाल्याच्या बापाने त्याचा झगा दातांत आणि कठडा हातांत धरून ठेवला. लोकांनी बापाच्या पाठीवर फावडी मोडली, गळ्याचं हाड मोडलं, पण झगा सुटला नाही.

म्हणून त्या घराण्यात एकच गोष्ट वारशाने यायची: फटका आपल्या अंगावर, साहेबांच्या नाही. तीन पिढ्यांत दंडवाला पुढे असताना आर्चडीकनला साधं खरचटलंही नव्हतं. कॅथीड्रलच्या फाटकाशेजारी त्यांच्या दोन खोल्या, तिथे खिळ्यावर दांडा टांगलेला असायचा. त्याला रोज तेल लागायचं. घरातल्या माणसांच्या डोक्याला लागो न लागो.

आता आपला माणूस. अंगाने काडी. झग्यात उभा राहिला की वाटायचं, झगा वाळत घातलाय. मान लांब, आवाज बारीक, नजर खाली. आणि बायको? तिला सगळे खळबाई म्हणायचे, कारण वेदीवरची कापडं धुऊन, खळ घालून, इस्त्री करायचं काम तिचं. बारा हात लांब तागाची चादर ती एकटी पिळायची. पिळून झाल्यावर चादरीत थेंब शिल्लक राहायचा नाही, आणि भांडून झाल्यावर माणसात. कापड दगडावर धोपटायची तेव्हा आवाज ऐकून कबुतरं मनोरा सोडून जायची. ह्या दोघांचं जमलं कसं, हा त्या गल्लीत वर्षानुवर्षे चघळलेला विषय. तिला विचारलं तर म्हणायची, "मला पिळायला काहीतरी हवं होतं."

ह्याच्या वाट्याला आलेला चौथा आर्चडीकन म्हणजे हातोडीसाहेब. आधी शाळेत कवायत शिकवायचे, मग पाळक झाले, पण कवायत गेली नाही. खिशात कायम छोटी हातोडी. तपासणीला गेले की प्रत्येक तुळईवर टकटक करायचे. घट्ट आवाज आला तर पुढे, भुसभुशीत आला तर पंच मेले. एका ठिकाणी पंचांनी वाळवी लागलेल्या खांबावर रंग मारून ठेवला होता. हातोडीसकट हात खांबात कोपरापर्यंत आत गेला.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"खांब आहे, साहेब," पंच म्हणाला.

"हात ठेव त्याच्यावर."

पंचाने ठेवला. दुसरा टोला अंगठ्यावर बसला. पंचाच्या पुतण्यांनी विटा उचलल्या. साहेब ताठ चालत गाडीपर्यंत गेले, आणि त्यांच्या मागे पाठ फिरवून उलटा चालत, विटा झेलत, दंडवाला. कपाळाला पाच टाके पडले.

घरी खळबाईने जखम धुतली. धुतली म्हणजे, कापडं धुवायची तशीच.

"आई गं! हळू!"

"अंगठा फोडला त्यानं, आणि कपाळ तुमचं! तुमचा साहेब मेला तर स्वर्गाच्या दारावरसुद्धा हातोडी मारून बघेल, वाळवी लागलीय का."

"माणूस बरा आहे गं. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त जवळ उभं राहू नये."

"मग तुम्ही कुठं उभे राहता?"

तो जवळच उभा राहायचा. तेच त्याचं काम होतं.

पुढे जुने बिशप वारले. नव्या बिशपसाठी मतदान झालं. एका बाजूला हातोडीसाहेब, दुसऱ्या बाजूला खळबाईचा धाकटा भाऊ. तो पाळक होता, मृदू बोलणारा, पोरांना गणित शिकवणारा. आई गेल्यावर खळबाईने त्याला कडेवर वाढवलं होतं, त्यामुळे तिच्या लेखी तो अजून कडेवरच होता. धाकटा चार मतांनी निवडून आला.

चार मतांनी निवडून येणं म्हणजे निम्म्या धर्मप्रांताला शत्रू करणं. पण खरी गोम वेगळीच होती. त्या कॅथीड्रलची रीत अशी, की मतं मिळाली, अभिषेक झाला, अंगठी घातली, तरी बिशप हा बिशप होत नाही. दगडी चौथऱ्यावरच्या त्या उंच पाठीच्या खुर्चीत आर्चडीकनने हाताला धरून बसवलं, की झाला. दुसऱ्या कुणी बसवून चालत नाही, स्वतःहून बसून तर मुळीच नाही. म्हणजे जो निवडणूक हरला त्यानेच जिंकलेल्याला हात धरून बसवायचं! ज्याने कुणी ही रीत काढली त्याला माणसांची मारामारी बघायची हौस असावी.

हातोडीसाहेबांनी कचेरीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हात माझा आहे. मी तो कुणाला देणार नाही."

बिशपला बसवायच्या दिवशी सकाळी खळबाई वेदीची चादर घडी करत होती आणि दंडवाला दांड्याला तेल लावत होता.

"माझ्या धाकट्याचा हात धरला नाही ना तुमच्या साहेबानं, तर मी त्याचा गळा धरीन," ती म्हणाली.

"तू वेदीपाशी थांब. कापडं बदल आणि गप थांब."

"आणि तुम्ही?"

"मी साहेबांच्या पुढे. दहा ते बारा मी तुझा नवरा नाही, धाकट्याचा मेहुणा नाही. कुणी साहेबांवर हात उचलला, तर कोण आहे ते बघणार नाही."

"एरवी तरी कुठं बघता?" ती म्हणाली, पण ह्या वेळी हसली नाही. त्याचा आवाज बारीक नव्हता.

दहाला नव्या बिशपने बंद दारावर काठीने तीनदा ठोकलं. दार उघडलं. उत्तरेच्या बाकांवर साहेबांची माणसं, दक्षिणेच्या बाकांवर धाकट्याची. मधल्या वाटेने दंडवाला निघाला, मागे हातोडीसाहेब, त्यांच्या मागे धाकटा. दोन्हीकडून दात खाल्ल्याचा आवाज येत होता म्हणतात. चौथऱ्यावर चढल्यावर दंडवाला फिरून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीशी साहेब. साहेबांसमोर धाकटा, खुर्चीकडे पाठ करून. बाजूला मोठा खांब, आणि खांबापलीकडे वेदी, तिच्या दोन्ही अंगांना मेणबत्त्यांची छातीइतकी उंच पितळी शमादानं, तीन पायांची, प्रत्येक पायाला सिंहाचा पंजा.

साहेबांनी हात झग्याच्या बाह्यांत घातले आणि घडी घालून उभे राहिले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणीतरी खोकलं.

"हात द्या!" दक्षिणेकडून आरोळी आली.

"देऊ नका!" उत्तरेकडून.

आणि मग पितळी कोपऱ्यांचं एक जाडजूड गीतांचं पुस्तक हवेतून आलं आणि उत्तरेकडच्या एका वकिलाच्या जबड्यावर बसलं. पुढची काही मिनिटं ज्यांनी पाहिली ते अजून वेगवेगळं सांगतात, कारण प्रत्येकाचा एखादा तरी डोळा सुजलेला होता. बाकं उलटली. शिक्षिकेने शिंप्याला छत्रीने भोसकलं. दोन पाळकांनी एकमेकांच्या गळ्यातल्या पट्ट्या पिळून एकमेकांना निळं केलं. गायकवृंदातल्या मावशीने पंचाचा कान चावला आणि थुंकून टाकला, तो थंड फरशीवर बराच वेळ पडून होता. कुणी दानपेटी फिरवत होतं, कुणी झेंड्याचा खांब. फरशीवर रक्ताचं पाणी झालं आणि त्यावरून घसरून पडलेल्यांना बाकीच्यांनी तुडवलं. ऑर्गन वाजवणारा म्हातारा ठार बहिरा. तो पाठ करून स्वस्थ बसला होता आणि खुणेची वाट बघत होता.

दक्षिणेकडचे लोक साहेबांच्या हातासाठी चौथऱ्यावर चढायला लागले. दंडवाल्याने दांडा आडवा धरला. पहिला आला तो बेकरीवाला. त्याच्या बरगडीत दांड्याची मूठ बसली आणि तो खाली दोघांवर पडला. दुसऱ्याने दंडवाल्याचं नाक फोडलं. तिसऱ्याने बाकाचा मोडका पाय त्याच्या मांडीवर हाणला. ह्यातले निम्मे त्याच्या बायकोचे नातेवाईक. एकजण तर मारताना म्हणाला, "माफ करा हं, दाजी!" दाजींनी माफ केलं आणि त्याचं मनगट मोडलं. तोंडात रक्त येत होतं, ते गिळत तो उभा होता. साहेबांच्या झग्याला बोट लागलं नव्हतं.

पण साहेब काय करत होते? धाकटा पुटपुटला, "साहेब, हे थांबवा. नुसता हात द्या, लोक मरतील." ह्यावर साहेबांनी बाहीतून हात काढला आणि त्याची मूठ करून धाकट्याच्या तोंडावर घातली. ओठ फाटला. दुसरी मूठ डोळ्यावर. तिसरी पुन्हा तोंडावर, दात पडल्याचा आवाज आला. धाकट्याने हात वर केले नाहीत. सगळं चर्च तिकडे बघायला लागलं.

मग तीनशे माणसांनी जे पाहिलं ते असं. दंडवाल्याने मान वळवून मागे पाहिलं. दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला आणि पूर्ण ताकदीने साहेबांच्या गुडघ्यात मागून घातला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. साहेब पुढे कोसळले. पडताना माणूस मिळेल ते धरतो. त्यांनी धाकट्याचा हात धरला. दोघांचं वजन मागे गेलं आणि धाकटा धाडकन खुर्चीत बसला. आर्चडीकनचा हात त्याच्या हातात. त्याच गडबडीत एक शमादान घणघणत पडलं. बहिऱ्या म्हाताऱ्याने ऑर्गनवर लावलेल्या आरशात पाहिलं, बिशप बसलेले दिसले, आणि त्याने सर्व ताकदीनिशी आनंदाचं गीत वाजवायला सुरुवात केली.

सवयीने लोक उभे राहिले. ज्यांना राहता येत होतं ते.

दंडवाल्याला साहेबांच्या माणसांनी चौथऱ्याच्या पायऱ्यांवरून अंगणात ओढत नेलं. "मारलं कुणासाठी? बोल! किती मिळाले?" असं विचारत त्याच्या उजव्या हाताची चार बोटं दगडी उंबऱ्यावर ठेवून टाचेने मोडली. दांडा गुडघ्यावर मोडेना, तेव्हा दाराच्या फटीत घालून तीन तुकडे केले आणि तुकड्यांनी त्यालाच झोडलं. तो एक शब्द बोलला नाही. एकदाच बोलला, मूठ तुटली तेव्हा. "चांदी आज्याची आहे," म्हणाला. मग बेशुद्ध झाला.

पुढे खटला. बसवणं खरं की खोटं? न्यायाधीश कंटाळलेले गृहस्थ होते. "हातात हात होता?" होता. "खुर्चीत बसला?" बसला. "मग आणखी काय हवंय?" धाकटा बिशप झाला. दंडवाल्याला कुणी कोर्टात खेचलं नाही, कारण साहेबांनी तक्रारच दिली नाही. पण फाटकाजवळच्या खोल्या गेल्या, झगा गेला. मेहुण्याने, पडलेल्या दातांमधून, दुसरी चाकरी देऊ केली. ह्याने नको म्हटलं. लोक म्हणाले, बघा किती पक्का, आत्ता घेत नाही, मागाहून घेईल. मुलंसुद्धा रस्त्यात गुडघे वाकवून लंगडत त्याच्या मागे चालायची. ज्या माणसाच्या घराण्याने कान दिला, हाड दिलं, त्याला सगळं गाव 'साहेबाला मागून मारणारा' म्हणायला लागलं. मार त्याला नवा नव्हता. हे नवं होतं.

दोघं धोबीआळीत एका खोलीत राहायला गेली. ती धुवायची, तो डाव्या हाताने वाळत घालायचा.

"मी जाऊन सांगते," ती एकदा म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"धाकट्याची खुर्ची जाईल, तू तुरुंगात जाशील, आणि मला चादरी पिळता येत नाहीत. गप धोपट."

तिने धोपटलं. पण कबुतरं उडाली नाहीत. तिच्या हातातला जोरच गेला होता.

सात वर्षांनी हातोडीसाहेब त्या खोलीच्या दारात उभे राहिले. एक पाय काठीसारखा, वाकत नव्हता. कॅथीड्रलच्या तपासणीत त्यांनी त्या खुर्चीवर हातोडी मारली होती. पाठीच्या लाकडात, बसलेल्या बिशपच्या डोक्याच्या वर, पॉलिशखाली काहीतरी रुतलेलं होतं. ते त्यांनी पटाशीने उकरून काढलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं: सिंहाचा पितळी पंजा.

"मारलं कुणी?" साहेब म्हणाले.

"मी, साहेब."

"का?"

"हात चुकला."

"तीन पिढ्या चुकला नाही तो?"

साहेबांनी पंजाकडे पाहिलं, मग मोरीशी उभ्या असलेल्या खळबाईच्या दंडांकडे. बराच वेळ पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही.

"तीन दात पाडले होते मी तुझ्या भावाचे," साहेब तिला म्हणाले.

"चार," ती म्हणाली.

साहेब उठले, पंजा तिथेच ठेवून गेले. पुढच्या आठवड्यात नवा दांडा आला, जुनी चांदीची मूठ बसवलेला. दंडवाल्याची बोटं त्याच्याभोवती वळेनात. त्याने तो खिळ्यावर टांगला आणि तेल लावत राहिला.

दंडवाला वारला तेव्हा शवपेटीच्या पुढे दांडा घेऊन कुणी चालायचं, हा प्रश्न आला. हातोडीसाहेबांनी खिळ्यावरून दांडा काढला आणि स्वतः पुढे झाले. दंडवाल्यामागे चालायचा तो आर्चडीकन दंडवाल्यापुढे लंगडत चालला. फाटकाशी एक दुकानदार शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "शेवटी जमिनीचं काय झालं हो?" साहेबांनी न थांबता दांड्याची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. दुकानदाराचे दोन दात गेले. वाट मोकळी झाली, पेटी पुढे गेली.

कुजबुज तरीही संपली नाही. दातांशिवायही ती करता येते.

खरी गोष्ट अशी. दांडा दंडवाल्यानेच मारला. त्या क्षणी खळबाई खांबाच्या आडून, बाकांवरून दिसणार नाही अशी, आली होती, आणि कापड धोपटायला दांडकं धरतात तसं शमादान उलटं धरून तिने ते साहेबांच्या डोक्याच्या रोखाने फिरवलं होतं. ती त्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेर होती, साहेबांचा गुडघा पल्ल्यात होता. साहेब पडले म्हणून शमादान डोक्याऐवजी खुर्चीला लागलं. मोबदल्यात दंडवाल्याला काही मिळालं नाही.